यांगस्कितचं नको

यांगस्कित आमच्या गावची आशाताई. रक्तदाब मोजायचं यंत्र पाठीला लावून ती वरच्या घरापासून नदीकाठच्या घरापर्यंत फिरायची आणि सगळ्यांना एकच पाढा ऐकवायची. मीठ कमी करा, लोणी-मीठ घुसळलेला गुरगुर चहा दिवसाला दोनच कप, गोळी रोज घ्या, डोकं दुखलं तरच नव्हे. जिभेला धार होती. माझ्या सासऱ्यांना म्हणाली, "मेमे-ले, याकसुद्धा तुमच्याएवढं मीठ चाटत नाही!"

"म्हणूनच तो याक राहिला," सासरे म्हणाले. त्याच हिवाळ्यात ते चुलीपाशी बसल्याबसल्या गेले.

गेल्या वर्षी लेहहून डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच यांगस्कितच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा एकशे नव्वदच्या वर गेला. रोज दहाबारा घरं, प्रत्येक घरी गुरगुर चहा. तो आजपासून बंद, नाहीतर अर्धं अंग जाईल, असं बाईंनी बजावलं.

यांगस्कितची आई सहा वर्षं तशीच पडून होती. तिचं हगणंमुतणं हिनंच काढलं होतं. त्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "कुनझेस, मरेन एक वेळ, पण मला तसं पडायचं नाही गं."

पण आमच्याकडे पहिल्या खेपेला हो म्हणतो तो हावरट. नको म्हणायचं, कपावर हात ठेवायचा, कप पाठीमागे लपवायचा आणि यजमानानं हात ओढून ओतायचं, ही आमची रीत. त्यामुळे तिचं खरं नको कुणाला ओळखूच येईना.

"नको, आमा-ले, डॉक्टरांनी बंद केलाय."

"अगं, किती लाजशील! दे इकडे कप."

"आईची शपथ, नको!"

"बघा, पोरीला वळण कसं आहे!"

घोट घेतला नाही की घरची बाई फुगायची, दंड पुढे करायची नाही. मग यांगस्कित प्यायची. मीही पाजला. माझं लोणी ताजं होतं, मला त्याची मिजास होती.

जव पेरायच्या दिवसांत ती माझ्याच स्वयंपाकघरात कलंडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरला.

आता आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे रिकाम्या हातानं कसं जायचं? सगळ्या जणी थर्मास घेऊन जातात. काल मी गेले. कप पुढे केला तेव्हा तिनं डावा हात कसाबसा ओढत त्यावर ठेवला.

"नको," ती म्हणाली. "नको. नको." डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शेजारची आमा पुंचोक हसली. "अर्धं अंग गेलं, पण रीत विसरली नाही हो बिचारी!"

त्या खोलीत तिचं नको मला एकटीला कळत होतं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. भरलेला थर्मास परत नेला असता तर गावभर चिक्कू ठरले असते.

मी तिचा हात उचलून बाजूला ठेवला आणि कप काठोकाठ भरला.