ळ-चं घर

वेब पेज कशाचं बनतं, हे मला कुणी शिकवलं नाही. जालन्यात तेव्हा मी एका दुकानात लग्नपत्रिका टाइप करायचे आणि तिथं नुकतंच इंटरनेट आलं होतं. एका दुपारी माऊसचं उजवं बटण दाबलं गेलं, ‘व्ह्यू सोर्स’ निवडलं गेलं आणि समोरच्या रंगीत पानाची आतली बाजू उघडी झाली. गोधडी उलटी केली की कुठला टाका कुठून निघालाय ते दिसतं, तसं. मी थक्क झाले. आमच्याकडे भजीवालासुद्धा मसाला सांगत नाही, आणि इथं अख्खी कारागिरी कुणीही बघावी!

आई एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बियाणं निवडायला जायची. तिथल्या शेटजींना शेतकऱ्यांसाठी मराठी वेबसाइट हवीय, हे तिच्या कानावर आलं आणि मला न विचारता ती सांगून आली, माझी पोरगी करते. इतक्या वर्षांत तिनं मालकाकडे साधी सुट्टी मागितली नव्हती. आता तिचा शब्द माझ्या हातात होता.

मी पत्रिकेतला सगळ्यात देखणा फॉन्ट लावून पान केलं आणि स्वतःवरच खूश झाले. शेटजींच्या ऑफिसात ते उघडलं, तर ‘कापूस’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. आत अक्षरं इंग्रजीच होती, फॉन्ट त्यांना वरून मराठी रूप द्यायचा; आणि तो फॉन्ट माझ्या मशीनवर होता, त्यांच्या नव्हता. पत्रिका एकदा छापली की सुटली. पान मात्र दुसऱ्याच्या घरी जाऊन उघडतं, हे या पत्रिकावालीच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेटजी रागावले नाहीत. पेरणीआधी जमलं तर बघ, नाहीतर इंग्रजीत करून घेतो, म्हणाले. दारात उभी आई मान खाली घालून परत बियाणं निवडायला गेली. तेच जास्त लागलं.

नेटवर एक मराठी पान मात्र कुठलाही फॉन्ट न टाकता बरोबर दिसायचं. त्याची गोधडी उलटली. आतही मराठीच! क म्हणजे क. शोधत गेले तेव्हा युनिकोड कळलं: जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना ज्याचा त्याचा क्रमांक दिलेला, कुठल्याही मशीनवर तोच. त्यात आपल्या ‘ळ’लाही घर होतं. कोण कुठली माणसं एकत्र बसली असतील, आणि ती ‘ळ’ विसरली नव्हती.

सगळा मजकूर नव्यानं टाइप केला. या वेळी ज्यानं ज्यानं मशीनला हात लावू दिला, त्याच्याकडे आधी उघडून पाहिलं.

शेटजींच्या मशीनवर पान उघडलं. त्यांनी स्वतः न वाचता आईला आत बोलावलं. “बाई, शब्द तुम्ही दिला होता. तुम्हीच वाचा.”

आई चौथी शिकलेली. पदराला हात पुसून तिनं बोट काचेवर ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं, “बियाणं कोरड्या जागी ठेवावं.” मग माझ्याकडे वळली.

“मला वाटलं व्हतं, ह्या डब्यात निस्तं इंग्रजीच राह्यतं.”

एवढं बोलून ती पुढची ओळ वाचू लागली. तिचं पान संपेपर्यंत शेटजी उभेच होते.