माणसाच्या मापाचा वाफा

आमच्या दारात मीठ फुटलं होतं. कळंबच्या अलीकडे आमची वस्ती, आणि उसाला पाणी द्यायचं म्हणजे रान तुडुंब भरेस्तोवर द्यायचं, हा तिथला खाक्या. त्या पाण्यानं वरच्या अंगाची रानं हिरवीगार झाली आणि खालच्या अंगाचं आमचं दार पांढरं पडलं. थंडीत सकाळी उठावं तर अंगणभर पीठ सांडल्यासारखं दिसायचं. मी लग्न होऊन आल्यापासून त्या जागेत कोथिंबिरीची काडी उगवलेली पाहिली नव्हती. तुळससुद्धा आम्ही तेलाच्या डब्यात लावली होती. दरवर्षी ते पांढरं घराकडे थोडं पुढं सरकायचं आणि त्याबद्दल घरात कुणी काही बोलायचं नाही. मला त्या न बोलण्याचाच जास्त राग यायचा.

नव्वद सालानंतरची ती पहिलीच काही वर्षं. घरात आम्ही तिघंच: मी, कारखान्यात पाळीवर जाणारा माझा नवरा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. त्या पौषात मला चौथा महिना लागला होता. नर्सबाईनं डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि सांगितलं, रक्त फार कमी आहे, पालेभाज्या खा, नाहीतर बाळाला जड जाईल. बाजार आठवड्यातून एकदा, आणि तिथली मेथी घरी येईतो माना टाकायची. मी ठरवलं, दारातच भाजी करायची. जमीन मेली असेल तर जमिनीच्या वर करायची. माझ्या वडिलांनी बारामतीत परसात गादीवाफे केलेले मी पाहिले होते: भोवती दगडांचा काठ, आत गुडघाभर चांगली माती.

शेजारणींचे घेवडे तोवर उतरणीला लागले होते. त्या हसल्या. "वरातीमागनं घोडं," एक म्हणाली, आणि म्हणाली ते खरंच होतं. पण माझा स्वभाव असा, की कुणी हसलं की ते काम माझ्याकडून होतंच. आत्यांचं हसण्यावारी नव्हतं. "पौषात कुणी नवं काम काढतं व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाळ काही पौष संपायची वाट बघत नाही.

माती आणली धरणातून. त्या साली उजनी भरलंच नव्हतं, आणि पळसदेवच्या अंगाला पाणी कधीच मागं हटून काळा गाळ उघडा पडला होता. नवऱ्यानं ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याकडून एक ट्रॉली आणवली. ती रिकामी होताना आत्या बाहेर आल्या, मूठभर गाळ उचलून त्यांनी नाकाशी धरला आणि विचारलं, "कुठला रं ह्यो?" त्यानं जागा सांगितली. आत्यांचं माहेर त्याच पाण्याखाली गेलेलं. "आमच्याच शिवारातला हाय," त्या म्हणाल्या. मग पदर खोचून त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं. पौषाचं नाव पुन्हा काढलं नाही. तो एक दिवस त्या गुणगुणत होत्या, आणि मला फार बरं वाटलं.

भिंतीकडेला जागा होती तेवढीच, म्हणून वाफा लांबट झाला. बांधावरचे दगड आणून काठ केला, वर गाळ आणि शेणखताचा उंचवटा. काम संपवून आम्ही दोघी ओसरीवर चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात रस्त्यानं वरच्या वस्तीवरचे एक म्हातारे तात्या चालले होते. ते थांबले. डोक्यावरची टोपी काढली, वाफ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

मी हसले. खरंच हसले, चहा सांडला. पण मग मीही वाफ्याकडे बघितलं, आणि तात्यांनी बघितलं तेच मला दिसलं. एक माणूस आडवा झोपेल एवढी लांबी, माणसाएवढीच रुंदी, भोवती दगड. आत्यांनी कप खाली ठेवला. "माप बघायचं व्हतं, पोरी," त्या म्हणाल्या. आणि उठून उसाचं पाचट आणून त्यांनी वाफा सगळा झाकून टाकला.

भाजी मात्र अशी आली की हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. मेथी, शेपू, चुका. मी रोज खुडायचे आणि रोज खायचे. नर्सबाई पुढच्या खेपेला पापणी ओढून बघून मान डोलावून गेली. दगडांच्या खालच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती, ती मला दिसत होती. मीठ वर चढायला बघत होतं. मी रोज ती रेघ फडक्यानं पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी ती तिथंच असायची.

माघ सरताना वाफ्याच्या एका कोपऱ्यात न पेरलेला कोंब दिसला. दोन पानं, मग चार, मग तंतू. मला वाटलं दोडका असेल, गाळातून बी आलं असेल. आत्यांनी एक पान चुरगाळून वास घेतला आणि हात लुगड्याला पुसला. पुसतच राहिल्या.

"पडवळ हाय," त्या म्हणाल्या.

"मग चांगलंच की."

"आपल्या घराला लाभत न्हाई."

असल्या गोष्टी प्रत्येक घरात असतात. कुणाला कोहळा धार्जिणा नसतो, कुणाला दुधी. मी म्हटलं, आत्या, भाजीला काय कळतंय घर कुणाचं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते तोवर मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी नव्या नवरी असताना माहेराहून पदरात पडवळाचं बी बांधून आणलं होतं. सासूनं नको म्हटलं. आत्यांनी गुपचूप गोठ्यामागं लावलं. तेव्हा जमीन चांगली होती, वेल मांडवभर झाला. पहिलं पडवळ निघालं त्या आठवड्यात त्यांचा पहिला मुलगा तापानं गेला. सहा महिन्यांचा होता. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, मातीत देतात. बांधाच्या कडेला दिला. त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी माझा नवरा झाला.

"आता त्यानं मला हुडकलंय," त्या म्हणाल्या. "माहेरच्या मातीतनं आलंय. आन् तू पोटुशी असताना."

माझं डोकं फिरलं. भीतीनंच फिरलं असणार, पण मला भीती वाटली की ती रागासारखीच बाहेर पडते. मी वेलाला हात घातला, म्हटलं, एवढंच ना, घ्या, उपटून टाकते. त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी वाढली. दोन जिवाच्या बाईच्या दारात आपोआप उगवलेला वेल उपटायचा नसतो, नाळ तुटते म्हणतात. म्हणजे ठेवावा तर ते, उपटावा तर हे. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, पडवळ हाय ते, नाग न्हाई." पण वेलाला त्यानंही हात लावला नाही. विषाची परीक्षा कोण घेणार.

तिसऱ्या दिवशी मी बघते तर त्या शेवरीच्या काठ्या रोवून वेलाला मांडव घालत होत्या. मी विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, "पैलं फळ जो खाईल त्याच्यावर जातं ते. मी खाणार. मग लेकराकडं बघायचं न्हाई ते."

मी पुष्कळ भांडले. पालथ्या घड्यावर पाणी.

फाल्गुनात फुलं आली. संध्याकाळी उमलायची, पांढरी, कडेला सुताची झालर निघावी तशी. सगळा वाफा पाल्याच्या त्या उग्र वासानं भरायचा. मेथी संपली होती, शेपू जरठ झाला होता, आणि त्या लांबट मातीवर आता फक्त वेलाची सावली असायची. फळं धरली तशी आत्यांनी प्रत्येकाच्या टोकाला दोऱ्यानं खडा बांधला, म्हणजे वाकडं होत नाही. ज्या गोष्टीनं आपण मरणार असं वाटतं तिला त्या लेकरासारखं जपत होत्या.

पहिलं पडवळ काढलं त्या दिवशी पोटातलं बाळ सकाळपासून हललं नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही. आत्यांनी अंगणात तीन दगड मांडून वेगळी चूल पेटवली, वेगळं भांडं घेतलं, पडवळ चिरून हरभऱ्याची डाळ घालून शिजवलं. भाकरी घेऊन वाफ्याच्या काठावर बसल्या आणि सगळं एकटीनं खाल्लं. भांडं मलाही घासू दिलं नाही. मी ओसरीवर पोटावर हात ठेवून बसले होते. त्यांनी हात धुतले, आणि थोड्या वेळानं बाळानं लाथ मारली. याला मी योगायोग म्हणते. तेव्हाही म्हटलं, पण मोठ्यानं म्हटलं नाही.

चैत्रात मला बाळंतपणासाठी बारामतीला आणलं. निघताना आत्या गाडीपासून चार हात लांब उभ्या राहिल्या. "जा. तुझं सगळं नीट हुतंय," म्हणाल्या. ज्येष्ठात मला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बारशाला आत्या आल्या, टोपडं-झबलं आणलं, पाळण्यापासून लांब भिंतीला टेकून बसल्या. कुणी बाळ त्यांच्या मांडीवर द्यायला गेलं की त्या हात मागं घ्यायच्या. माझ्या माहेरच्या बायका कुजबुजल्या, नातीचं तोंड बघवत नाही म्हातारीला, नातू हवा होता. मी काय सांगणार होते? खरं सांगितलं असतं तर त्याहून वेडं वाटलं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

भाद्रपदात मी बाळाला घेऊन सासरी आले. आत्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळला, बाळाच्या डोळ्यांना पाणी लावायचं ते मात्र मलाच लावायला सांगितलं. त्या खंगल्या होत्या. काही आजार नव्हता. जेवण सुटलं होतं. हातातल्या पाटल्या त्यांनी काढून, पुसून माझ्या उशाशी आणून ठेवल्या. रात्री बाळ रडलं की त्या ओसरीवर उठून बसायच्या, पण आत यायच्या नाहीत.

"अजून माझ्यावर हाय ते," त्या म्हणायच्या. "हात लावला तर तिच्यावर उडी घील."

"कधी जाणार मग?"

"मी गेले की."

पोर त्यांच्याकडेच बघायची. त्या अंगण झाडायला लागल्या की तिची मान तिकडे वळायची. आणि ही बाई तोंड फिरवून झाडत राहायची. आठ दिवस मी ते बघितलं. मला कळलं होतं की पडवळानं काही होवो न होवो, ही अशीच उपाशी, लांबून बघत मरणार, आणि माझ्या मुलीला आजी असून नसणार. समजावणं संपलं होतं.

एक दिवस दुपारी भादव्याचं ऊन रखरखत होतं. वेल वाळून गेला होता, मांडव काढला होता, वाफ्यावर काही नव्हतं. दगड वरपर्यंत पांढरे झाले होते. आत्या पलीकडे टोपली घेऊन भुईमुगाच्या शेंगा तोडत बसल्या होत्या. मी मुलीला दुपट्यात घेतलं, बाहेर आणलं आणि त्या वाफ्याच्या मधोमध, उघड्या मातीवर ठेवलं. "तुमच्या माहेरच्या मातीत ठेवलीय," मी म्हटलं. "उचलायची तर तुम्ही उचला. मी उचलणार नाही." आणि आत जाऊन दाराआड उभी राहिले.

दाराच्या फटीतून मला ती दिसत होती. एवढ्या लांब वाफ्यावर एवढीशी. आधी ती नुसती हातपाय हलवत होती. मग ऊन लागलं आणि रडायला लागली. आत्या उठल्या नाहीत. दगड, माती, मधे माझं मूल, आणि तात्यांनी टोपी काढून विचारलेलं माझ्या कानात घुमायला लागलं. मी कसलंही काही मानत नाही असं जन्मभर सांगत आले, पण त्या क्षणी मी सगळं मानत होते. रडणं चिरकलं. मी कडीला हात घातला.

तेवढ्यात टोपली पडल्याचा आवाज आला. आत्या धावत होत्या. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पोर दुपट्यासकट उचलली, छातीशी धरली, तिच्या केसांतली माती झटकली, पुन्हा पुन्हा झटकली. मी दारात आले तेव्हा त्यांनी पोर आणखी घट्ट धरली.

"लेकरू मातीत ठीवतात व्हय गं," त्या म्हणाल्या. "एकदा ठिवलंय मी."

त्यानंतर पोर त्यांच्या मांडीवरून खाली उतरलीच नाही म्हटलं तरी चालेल. त्या पुष्कळ वर्षं जगल्या. वाफ्याचे दगड त्यांनी दुसऱ्याच दिवशी एकेक करून परत बांधावर नेऊन टाकले, माती पसरून दिली, आणि पुढच्या हिवाळ्यात तीही पांढरी पडली.

आता आम्ही बारामतीत राहतो. गच्चीवर मी दोडका लावते, कारलं लावते. मुलगी मोठी झाली, एकदा बियांची पाकिटं घेऊन आली, त्यात पडवळ होतं. मी ते परत द्यायला लावलं. का, म्हणून तिनं विचारलं.

"आपल्या घराला लाभत नाही," मी म्हटलं.