मशीनला शिकवणाऱ्या बायका

सरांनी माझा रेकॉर्ड केलेला एक कॉल स्पीकरवर लावला.

कणकवलीच्या ऑफिसात आम्ही सहा जण टेबलाभोवती बसलो होतो. सर म्हणजे आमचे मॅनेजर, पुण्याहून आलेले. सोबत तिकडचेच चारपाच जण. स्पीकरमधून माझा आवाज आला, "जेवलंस गो? सासू कशी आसा आता?" पुण्याची माणसं हसली. सरांनी तेवढाच तुकडा पुन्हा वाजवला. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा माझ्या शेजारची फिलोमिनासुद्धा तोंडावर हात धरून हसली. मग सर म्हणाले, "आपण सॉफ्टवेअर विकतो. सुकट नाही."

मीसुद्धा हसले. हे सांगायची मला अजून लाज वाटते. अपमान माझा, आणि हसण्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा.

आमची कंपनी काजू कारखान्यांना आणि दुकानांना बिलाचं सॉफ्टवेअर विकते. ते अडलं की लोक आम्हाला फोन करतात. तो कॉल बांद्याच्या एका बाईचा होता. नवऱ्याचा कारखाना, कॉम्प्युटर सांभाळायची ही. मशीन बिघडलं, एवढंच सांगत होती. मशीन बिघडलेलं नसतं हे मला ठाऊक असतं. माणसाने काहीतरी चुकीचं दाबलेलं असतं आणि कबूल करायची भीती असते. थेट विचारलं की माणूस आणखी मिटतो. म्हणून मी आधी जेवणाचं विचारते, घरचं विचारते, आणि मग आईचं एक वाक्य सांगते, "हात आसा तर चूक जातलीच." हात आहे तर चूक होणारच. ते ऐकून ती म्हणाली, "मीच कायतरी दाबलंय, बाय." दिवसभराच्या नोंदी तिने पुसल्या होत्या. मी त्या परत आणून दिल्या. हा भाग सरांनी वाजवलाच नाही.

त्या दिवसापासून नियम झाला. मालवणी शब्द आला की गुण कापायचे, गप्पा झाल्या की गुण कापायचे. मी जीभ घासूनपुसून घेतली. "आपली समस्या सांगा." माणसं सांगेनाशी झाली. तीच बांद्याची बाई एकदा म्हणाली, तुम्ही नवीन काय? मी हो म्हटलं.

तीन वर्षं गेली. मग एआय आलं. पुण्यात फोनवर बोलणारं मशीन बनवलं. त्याला शुद्ध मराठी यायची, पण आमच्याकडच्या माणसांचं बोलणं काही केल्या कळेना, आणि माणसं त्याच्यासमोर तोंडच उघडेनात. सर धावत कणकवलीला आले. या वेळी मी एकदम "ताई" झाले. म्हणाले, "ताई, तुमची भाषा ही आपली खरी संपत्ती आहे."

कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच जाणवलं. ज्या तोंडाने सुकट काढली त्याच तोंडात आता साखर कुठून आली? पण मधाचं बोट चाटायला कोणाला आवडत नाही? मी चाटलं. बाकीच्या पाच जणांसारखी मीही दोन महिने माईकसमोर बसून मालवणीत बोलले. गिऱ्हाईक अमुक म्हणालं की त्याच्या मनात काय असतं, कुठे थांबायचं, कुठे सासूचं विचारायचं, सगळं लिहून दिलं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, किंमत कळली.

आईला मी हे कौतुकाने सांगितलं. आई कसालजवळच्या एका कारखान्यात पाटावर बसून काजू फोडायची. सालीच्या तेलाने तिची बोटं काळी पडली ती अजून तशीच आहेत. "हात आसा तर चूक जातलीच," हे वाक्य ती कारखान्यात नव्या पोरींना सांगायची, त्यांच्याकडून गर तुटला की. माझं सगळं ऐकून ती जराही हसली नाही.

"माझ्याशी पण असेच गोड बोललेले," ती म्हणाली. "कारखान्यात मशीन इला तेव्हा. खंयची बी किती वाफवूची, सगळा मीच सांगलंय. मगे माझोच पाट उचलल्यानी. तुझी खुर्ची खंय ठेवतले, ता आधी इचार."

मालकाने तिला कामावरून काढताना काय सांगितलं होतं, तेही तिने सांगितलं. खूप केलंत, आता आराम करा. मी लहानपणापासून समजत होते की आईने आपणहून काम सोडलं. ती मुकाट्याने घरी आली होती आणि आम्ही कोणी कधी विचारलंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सर मशीनचं प्रात्यक्षिक दाखवायला आले. तेच टेबल, तोच स्पीकर, तीच पुण्याची माणसं. सर स्वतःच गिऱ्हाईक झाले आणि म्हणाले, मशीन बिघडलंय. स्पीकरमधून बाईचा आवाज आला. माझा नाही, पण माझ्या वळणाचा. "जेवलंस रे? आसांदे, भिया नको. हात आसा तर चूक जातलीच."

पुण्याची माणसं हसली. अगदी तसंच, तीन वर्षांपूर्वीसारखं. मग टाळ्या वाजल्या. कोणीतरी म्हणालं, किती अस्सल वाटतंय.

माझ्या आईचं वाक्य होतं ते. तिच्या काळ्या बोटांतून आलेलं. आणि ज्याला हातच नाहीत ते सांगत होतं. मला इतका राग आला की हुंदका आला, आणि हुंदका आला म्हणून आणखी राग आला.

टाळ्या थांबल्यावर कागद वाटले. त्यात लिहिलं होतं की माझा आवाज आणि माझी बोलण्याची पद्धत मी स्वखुशीने कंपनीला कायमची देत आहे. संध्याकाळपर्यंत सह्या हव्या होत्या. दोन महिने काम करून घेतल्यावर स्वखुशी आता विचारत होते. मी विचारलं, आमच्या जागांचं काय?

सर म्हणाले, "जागा कुठे जातायत? तुम्हाला या फोनच्या कटकटीतून मोकळं करतोय."

मोकळं. आराम. शब्द तेवढा बदलला होता. मी म्हटलं, मग सहाही जागा राहतील एवढं लिहून द्या. सर म्हणाले, ताई, थोडा विश्वास ठेवायला शिका. फिलोमिनाने खाली मान घालून सही केली. तिची दोन मुलं शाळेत आहेत, मी तिला नाव ठेवणार नाही. बाकीच्यांनीही केली. आता माझाच कागद सहीवाचून राहिला होता.

त्या ऑफिसात साहेबांसमोर मी तीन वर्षांत मालवणीचा एक शब्द काढला नव्हता. तो काढला.

"मी सही करूचंय नाय."

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, मराठीत बोला, मीटिंग रेकॉर्ड होतेय. मी तेच वाक्य तसंच पुन्हा बोलले, आणखी सावकाश.

आता माझं टेबल दाराजवळ हलवलंय. फोन कमी येतात, इशाऱ्याचे ईमेल जास्त. काढतीलही मला. पण आईसारखं मुकाट्याने घरी जायचं नाही, हे ठरलंय. प्रत्येक ईमेलचा कागद काढून मी जपून ठेवतेय. पुण्याहून जो कोणी येईल त्याला मी आधी खुर्चीचं विचारणार आहे, लेखी. ते मिळेपर्यंत माझ्या तोंडून मशीनला एक शब्द मिळणार नाही.

एक वाक्य मात्र त्यांच्याकडे आहे. त्या मीटिंगमध्ये दोनदा रेकॉर्ड झालंय, स्पष्ट. तेवढं शिकवा मशीनला.