टाचणीची सही

मास्तरांनी आयुष्यभर कोट शिवले, पण दुसऱ्यानं बेतलेल्या कापडाला कधी सुई लावली नाही. मग मृत्युपत्र करायची पाळी आली, तेव्हा तेही त्यांनी स्वतःच बेतलं. महिनाभर खिडकीशी बसून, थरथरणारा उजवा हात डाव्यानं दाबून धरत दीड पान लिहिलं आणि पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाईंकडे नेलं. सल्ला घ्यायला नव्हे. दाखवायला.

मजकूर चोख होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाचीला, बँकेतली ठेव मुलाला. ही भाची बारा वर्षांपूर्वी मामीच्या आजारपणात महिनाभरासाठी म्हणून आली, ती परत गेलीच नाही. आधी नोकरी सुटली, मग भाड्याची खोली सुटली. मामी गेली, आणि मामाचे हात थरथरायला लागले. लहानपणी ती दुकानात टाचण्यांची डबी धरून उभी राहायची, म्हणून मास्तर तिला टाचणीच म्हणत. आता पंचावन्नची झाली तरी.

वकीलबाईंनी खालच्या सह्या पाहिल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"साक्षीदार म्हणून कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याची सही, ठीक. ही दुसरी कोणाची?"

"टाचणीची. का? वळण चांगलं आहे की."

"अहो मास्तर, जिला घर द्यायचं तीच साक्षीदार? उद्या कोणीही हरकत घेईल. आणि हरकत टिकली, तर घर तिच्या हातून गेलंच समजा."

मास्तरांना पटेना. त्या घरात बारा वर्षं ज्या कागदाला सही लागली, तिथे तिचीच झाली होती. गॅसच्या पावतीवर, औषधांच्या पार्सलवर, मोतीबिंदूच्या वेळी संमतीच्या कागदावरसुद्धा. त्याच सवयीनं त्यांनी हाही कागद पुढे केला, आणि भांडी घासता घासता हात पुसून तिनं न वाचता सही ठोकली.

"हरकत घेणार कोण? मुलगा फोनवर म्हणाला, ते घर घेऊन मी काय करू."

"मुलगा चांगलाच आहे हो तुमचा. पण कागद कच्चा असला, की चांगल्या माणसालाही सोयीचं तेवढंच आठवतं."

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "म्हणजे उसवायचं."

"सगळं. आणि लवकर, हात चालतोय तोवर. साक्षीला डॉक्टर आणि चष्मेवाला. तुमचं डोकं ठिकाणावर आहे, हेही डॉक्टर तपासून लिहून देतील. बँकेचं मुखत्यारपत्र टाचणीच्या नावे त्याच दिवशी करू. उद्या तुमची सही जुळेना, तर औषधाला पैसे कोण काढणार? आणि हो, त्या वेळी ती जिन्यातसुद्धा दिसता कामा नये. तिनं दबाव आणला, असं कोणाला म्हणता येऊ नये."

टाचणीला हे कळलं तेव्हा ती फणकारली. "बारा वर्षं दबावच आणतेय मी! आंघोळ करा, गोळी घ्या, मोजे घाला. कधी ऐकलंत?" मग हळू आवाजात म्हणाली, "मामा, मला घरबिर काही नको. असलं अभद्र बोलू नका."

"नको तर नको. पण मी गेल्यावर जाशील कुठे? नुसतं रस्त्याचं नाव सांग."

ती करपलेलं पातेलं घासत बसली.

ठरलेल्या दिवशी नऊ वाजताच ती पिशवी घेऊन बाहेर पडली. दहाला मास्तर जिन्याचा कठडा धरत खाली वकीलबाईंकडे आले, आणि बाईंनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं. शर्टाची बटणं एका घरानं चुकली होती. कॉलरचं एक टोक कानाला लागत होतं.

डॉक्टरांनी पाहिलं ते शर्टाकडेच. वार विचारला, महिना विचारला, काय काय आहे आणि कोणाला देताय, ते विचारलं. मास्तरांनी खिडकीच्या तुटक्या कडीसकट सगळं सांगितलं.

"मग मास्तर, हा शर्ट?"

"बटणं टाचणी लावते, डॉक्टर. आज तिला घराबाहेर काढलंय, या बाईंच्या सांगण्यावरून. एक काज सुटलंय हे मला दुसऱ्या मजल्यावर कळलं. पण परत लावायला अर्धा तास गेला असता, तोवर तुम्ही निघून गेला असता."

डॉक्टर हसले आणि लिहायला लागले. सहीच्या वेळी पेन कागदावर नाचलं, तसा चष्मेवाल्यानं हात पुढे केला. "हात लावायचा नाही!" मास्तर गरजले. सही वाकडी आली, पण त्यांची आली.

दुपारी टाचणी परतली. पिशवी ठेवायच्या आधीच ती त्यांची बटणं सोडायला लागली.

"हे असं खाली गेलात? लोक काय म्हणतील? या माणसाचं बघायला घरात कोणी नाही?"

"आहे," मास्तर म्हणाले. "तेच तर लिहून आलो."

"हनुवटी वर करा," ती म्हणाली. आणि शेवटचं काज तिला बराच वेळ सापडेना.