धोटा उडाला नव्हता

बशीर गेल्याचं मला वैरागच्या एसटीत कळलं. त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाली आणि तिला पुढं बोलता येईना. मी पुढच्याच थांब्यावर उतरलो, परतीची गाडी धरली आणि सोलापूर येईस्तोवर खिडकीकडं तोंड करून रडलो. आता दोन महिने होतील. लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि बोलता बोलता हमखास हळहळतात, की कारखान्यात मागावरचा धोटा उडून हाफिजसाबांचे दात पडले, नाहीतर काय आवाज होता... धोटा उडाला नव्हता. मी मारला होता. परवा त्याच्या मुलीला हे सांगितलं, तिनं दार लावून घेतलं. बरोबरच आहे तिचं. आता सगळ्यांनाच सांगतो.

भवानी पेठेतल्या चादरीच्या कारखान्यात आम्ही एकवीस वर्षं शेजारशेजारच्या मागांवर होतो. बशीर हाफिज, म्हणजे अख्खं कुराण तोंडपाठ. मागांच्या खडखडाटातही त्याचं पुटपुटणं चालू. रमजानात रात्रीच्या तरावीहच्या नमाजेला मोहल्ल्याच्या मशिदीत तोच पुढं उभा राही आणि महिन्याभरात सगळं कुराण म्हणून पुरं करी. एक अक्षर घसरलं तर मागच्या रांगेतून लगेच कुणीतरी दुरुस्त करतं, असं तो सांगायचा, वर छाती काढून, "मला लई वर्षांत कुणी टोकलेलं न्हाय." मी म्हणायचो, झोपलेले असतील सगळे! तो हसायचा.

चार वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणी एक शहाणा सांगत होता, कुराण मूळचं राहिलेलंच नाही, मागाहून बदललंय. दुसऱ्याला डिवचायची माझी जुनी खोड. बशीर भाकरी मोडत म्हणाला, "दत्ता, जगातली सगळी पुस्तकं पाण्यात टाक. उद्या मी हितं म्हणतो, बार्शीचा हाफिज तितं म्हणंल. आमची वळख ना पाळख. घे जुळवून."

"आणि आधीच बदललं असंल तर? तुम्ही सगळे तेच घोकताय की!"

"म्हणायच्या येगयेगळ्या रीती हायत, ते आमच्या आलीम, जाणत्या लोकांनी लपवलं न्हाय, लिहून ठेवलंय. बाकीचं त्यांना इचार. उस्तादानं मला दिलं तसंच मी पुढं द्यायचं. माझं काम तेवढं."

पोपटपंची, मी म्हणालो. तेवढ्यात व्हिडिओतला माणूस त्यांच्या पैगंबरांबद्दल काहीतरी घाण बोलला आणि मी... मी हसलो. बशीरनं फाडकन माझ्या हातावर मारलं, मोबाइल फरशीवर आपटून फुटला. माझं डोकं फिरलं. हाताशी मागावर आडवं सूत नेणारा धोटा होता, लाकडी, टोकांना लोखंड बसवलेला. उचलला आणि हाणला त्याच्या तोंडावर.

समोरचे दोन दात फरशीवर पडले. ओठ फाटून लोंबत होता आणि मागावरची पांढरी चादर लाल झाली होती. आमचं भांडण कुणीतरी ऐकलं असणार. त्याला दवाखान्यात नेलं तोवर बाहेर बोंब झाली, की कुराणावरनं हाफिजसाबांना मारलं. शटरवर दगड बसायला लागले. एक रिक्षा उलथली, तिच्या काचांचा चुरा झाला. आमच्या आळीतलेही सळया घेऊन कोपऱ्यावर उभे राहिले. मी आत सुताच्या पोत्यांमागं लपून बसलो होतो, खोटं कशाला सांगू, पँट ओली झाली होती. तेवढ्यात बशीरचा आवाज आला. टाके घालून घेऊन तो सरळ कारखान्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता. "धोटा उड्या! किने बी नै मार्या. घरकू जाव!" बोलताना टाका तुटून पुन्हा रक्त वाहिलं. एक दगड त्याच्या खांद्यावरही बसला. पण तो हलला नाही, आणि हळूहळू लोक पांगले. मग तो आत आला आणि माझ्या कानशिलात अशी ठेवून दिली की मी पोत्यांवर कोलमडलो. "भाईर बोललो ते पेठेसाठी," म्हणाला, "ही माझी."

दोनच महिन्यांत रमजान आला. कवळी बसवली होती, पण जिभेचं टोक दाताला लावून म्हणायच्या अक्षरांत शीळ वाजायची. मशिदीतले बुजुर्ग म्हणाले, चालतंय, अल्लाह नियत बघतो. हा ऐकेना. मला म्हणाला, "अल्लाह माफ करंल की! पण मागं हुबारलेला माझं ऐकून तसंच म्हणंल, त्याचं ऐकून तिसरा. बदल असाच हुतो, दत्ता." तो मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला, तो कायमचाच. माझ्या त्या व्हिडिओला याहून मोठं उत्तर कुणी दिलं नसतं. आणि त्याची किंमत त्यानं भरली, मी नाही.

घरी शिकवणं मात्र सोडलं नाही. फक्त शागिर्दांसमोर स्वतः मोठ्यानं एक शब्दही म्हणेना. शागिर्दानं म्हणायचं, चुकला की हा लाकडी पाटावर बोटाचं पेर आपटणार, आणि तो अडलाच तर दुसऱ्याला म्हणायला लावणार. तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी शिकवायच्या त्याच खोलीत त्याचे शागिर्द कुराण वाचत बसले होते. पाट भिंतीला टेकवलेला होता. मी दाराशी बसलो. अरबी मला कळत नाही, पण ती शीळ मला पाठ होती; चार वर्षं शेजारच्या मागावर, त्याच्या पुटपुटण्यात ऐकली होती. एकेका शागिर्दाच्या तोंडाकडं कान लावून मी ती शोधत होतो... एकाच्याही तोंडात नव्हती. मी केलेली मोडतोड त्यानं स्वतःपाशीच ठेवली आणि बरोबर घेऊन गेला.