मेल्कीशिवायचा गठ्ठा

तुआल बंदरातल्या आरोग्य कचेरीत याकोमिना राहायान यांचं काम एकच: ज्या बेटांवर इंटरनेट पोचत नाही, तिथल्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअरचे गठ्ठे बांधणं. एक प्रोग्राम चालायला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. त्यातला एक जरी मागे राहिला, तरी बेटावर सगळं अडतं आणि पुढच्या बोटीची वाट पाहावी लागते.

प्रत्येक गठ्ठ्यात 'मेल्की' असायचा. औषधांच्या चिठ्ठ्या छापणारा हा प्रोग्राम त्यांच्या धाकट्या भावाने लिहून त्याला स्वतःचंच नाव दिलं होतं. पुढे एका बेटावरून परतताना मेल्की समुद्रात गेला. सापडला नाही. पण गठ्ठा बांधायला घेतला, की पडद्यावर ओळ यायचीच: मेल्की हवा आहे.

तायांदो बेटावरच्या दवाखान्याच्या नव्या संगणकासाठी या वेळी त्यांनी छपाईचा दुसरा प्रोग्राम घेतला आणि मेल्कीला वगळलं. आपल्या टेबलावर चालवून पाहिलं. कुठल्याच प्रोग्रामने मेल्कीला मागितलं नाही. त्यांना हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची भीती वाटली.

बोटीवरचा फ्रान्स डिस्क न्यायला आला. मेल्कीसारखंच तोही त्यांना 'उसी', म्हणजे ताई, म्हणायचा. एंबलचा, कंदाच्या कडक भाकरीचा, तुकडा चहात बुडवत म्हणाला, "उसी, कोऱ्या संगणकावर लावून पाहिलंत ना? तायांदोची सुईण मला बोल लावते. म्हणते, डबा आणतोस, झाकण विसरतोस."

याकोमिनांनी आपल्या टेबलाकडे पाहिलं. त्यांच्या संगणकात मेल्की वर्षानुवर्षं बसलेलाच होता. तिथे त्याला कोण मागणार? गठ्ठा कोऱ्या संगणकावरच तपासायचा, हा सगळ्यांना शिकवलेला नियम त्यांनी स्वतःच मोडला होता.

कोरा संगणक काढला, इंटरनेटची केबल उपटली, गठ्ठा लावला. काम अर्ध्यावर थांबलं. औषधसाठ्याचा प्रोग्राम अजून त्याच्यावरच टेकला होता. मेल्की हवा आहे.

फ्रान्सने ओळ वाचली, कप खाली ठेवला.

"बोट थांबेल का?" त्यांनी विचारलं. "मी दुसरं काही शोधते."

"भरती थांबते का, ते विचारा." मग हळू आवाजात म्हणाला, "घाला त्याला, उसी. मी नीट नेतो."

त्यांनी घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओवर सुईण बोलली. "सगळं चालू झालं, उसी. फक्त पहिली चिठ्ठी औषधाची नव्हती. त्यावर छापलंय, 'उसी, जेवलीस का?' सगळ्याच बेटांवर निघते म्हणे. फ्रान्स म्हणाला, तुम्हाला सांगू नको."

कचेरीतल्या कोऱ्या संगणकाला छपाईयंत्र कधी जोडलेलंच नव्हतं; ही चिठ्ठी इथे कधी निघालीच नव्हती.

याकोमिनांनी बोलायचं बटण दाबलं.

"नाही अजून," त्या म्हणाल्या.