पेटीतला बागुलबुवा

एप्रिल महिन्यात आमच्या घरात कागद खाली ठेवायचा नसतो. ठेवलाच तर तो मुंबईला नाहीतर कोल्हापूरला जातो. लाईटबिल गेलेलं आहे, चुलतभावाच्या लग्नपत्रिका गेलेल्या आहेत, आणि एका वर्षी माझा रजेचा अर्ज दादरच्या एका गिऱ्हाइकाकडे पोचला होता. (त्यांनी फोन करून रजा मंजूर असल्याचं कळवलं!) याला कारण आमचे आबा, म्हणजे माझे वडील. आमची हापूसची थोडी कलमं आहेत आणि पेट्या आबा स्वतः भरतात. खाली पेंढा, त्यावर आंबे, मधे कागद, परत आंबे. पेटी लाकडीच हवी आणि खिळे त्यांनीच ठोकायला हवेत. कागदावर काय लिहिलंय ते आबा बघत नाहीत. चिमटीत धरून तो जाड आहे की पातळ, एवढंच बघतात.

हे मला जन्मापासून माहीत आहे. तरीही जे झालं ते माझ्याच हुशारीने झालं.

आधी एक सांगून टाकतो, मी भित्रा आहे. मला कुत्र्यांची भीती वाटते, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची वाटते, न्हाव्याच्या वस्तऱ्याची वाटते. पण सगळ्यात जास्त भीती माझ्या बायकोची, वैशालीची वाटते. ती आमच्याच गावच्या वरच्या वाडीतल्या शाळेत शिक्षिका आहे आणि आजवर माझ्यावर एकदाही ओरडलेली नाही. (तेच तर भीतीचं कारण आहे. ओरडली असती तर काय ते एकदा संपलं असतं.)

त्या वर्षी वैशालीने शाळेत एक उद्योग काढला होता. वर्षभर तिने मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवली, आणि मग म्हणाली, आता आपण सगळे मिळून एक करूया. पहिली ते चौथीची पोरं एकाच वर्गात बसतात, त्यांनी मिळून गोष्ट रचली. डोंगरावरचा बागुलबुवा भूक लागली म्हणून खाली उतरतो, गावातून जातो, सगळे पळत सुटतात, आणि शेवटी तो मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे खायला जातो. तिथे मासे विकणारी मावशी त्याला आधी पैसे दाखव म्हणते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याला घाबरलं नाही म्हणून बागुलबुवा रडतो आणि तिच्या टोपल्या उचलायला लागतो. गोष्ट मला आवडली होती. मीही बऱ्याच दिवसांपासून घरात टोपल्याच उचलतो आहे.

चित्रं सगळ्यांनी मिळून काढली होती. मोठमोठे जाड कागद, एकाने समुद्र रंगवायचा, दुसऱ्याने होडी, तिसऱ्याने कापडाचे तुकडे चिकटवून शीड करायचं. पण खरं पान एकच होतं, बागुलबुवाच्या तोंडाचं. त्यात प्रत्येक मुलाने एकेक दात काढला होता. कुणाचा सुळ्यासारखा, कुणाचा कुदळीएवढा. पहिलीतल्या स्वरा नावाच्या मुलीने किडका काढला होता, कारण तिचा स्वतःचा तसाच होता. मुलं येताजाता आपापला दात बघून जात, असं वैशाली सांगायची. शनिवारी शाळेत पालक येणार होते आणि त्यांच्यासमोर मुलं हे पुस्तक वाचणार होती.

गुरुवारी दुपारी तिने पानं शिवायला म्हणून घरी आणली. तिला लगेच पालीला शिक्षकांच्या बैठकीला जायचं होतं. जाताना तिने मला, माझ्या डोळ्यांत बघून, सांगितलं, "रंग ओले आहेत. वाळले की कपाटात ठेवा. खाली ठेवू नका."

मी रजेवर घरीच होतो, पानं पडवीत पसरली, राखण करत बसलो. रंग वाळले. पण वाळताना कागद पापडासारखे वळायला लागले, आणि इथे मला अक्कल सुचली. म्हटलं, यांच्यावर वजन ठेवलं तर सरळ होतील, वैशाली खूष होईल. पडवीत वजनदार म्हणावी अशी वस्तू एकच होती, ती म्हणजे आबांचा रद्दीचा गठ्ठा. मी पानं नीट रचून गठ्ठ्याच्या मधोमध घातली आणि निश्चिंत मनाने जेवून आडवा झालो.

उठून बाहेर आलो तर पडवीत गठ्ठा नव्हता. पेट्याही नव्हत्या. झाडलेली, स्वच्छ पडवी होती आणि आबा झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. मी कसंबसं विचारलं, रद्दी कुठे गेली.

"संपली," आबा म्हणाले. "टेम्पो लवकर आला रे आज. पन यंदा कागद काय मिळालाय! जाडजूड, एकदम मजबूत. कुठनं आणलास?"

मी उंबऱ्यावरच बसलो. आईने माझ्याकडे बघितलं आणि न विचारता पाणी आणून दिलं. काय झालं ते मी सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आबांना घाबरलेलं बघितलं. सुपारी अडकित्त्यातच राहिली. आमचे आबा बिबट्या आला तरी काठी घेऊन बाहेर जातात, पण सुनेला घाबरतात. घराण्याचा गुण आहे तो, माझ्यापासून सुरू झालेला नाही.

टेम्पो कोल्हापूरचा होता आणि पालीला थांबून तिथल्या पेट्या भरून मग घाट चढायचा. म्हणजे आशा होती. आणि धोकाही होता, कारण पालीलाच बैठक होती. मी स्कूटर काढली, आबा मागे बसले. त्यांच्या हातात हातोडा होता, खिळे उपटायला. वाटेत मी दोनदा त्यांना तो पिशवीत घाला म्हणून सांगितलं, पण आबा म्हणाले पिशवी आणलीच नाही. तेव्हा पालीच्या बाजारात लोकांना जे दिसलं ते असं : पांढराफटक पडलेला एक माणूस आणि त्याच्या मानेशी हातोडा धरून बसलेला एक म्हातारा. एका दुकानदाराने तर मला हळूच विचारलं की पोलिसांना बोलवू का.

टेम्पोवाला सलीमभाई चहा पीत होता. आबा हातोडा घेऊन त्याच्याकडे धावले तेव्हा त्याने ग्लास टाकला आणि टेम्पोच्या पलीकडे गेला. भाड्याचं काही राहिलं असेल तर बसून बोलू, असं तो तिकडूनच सांगत होता. त्याची समजूत घालण्यात बराच वेळ गेला. मग आम्ही आमच्या पेट्या भर रस्त्यात उतरवल्या. आबा खिळे उपटत होते, मी आंबे काढत होतो, आणि माझं निम्मं लक्ष बैठकीच्या शाळेकडे होतं. साडी दिसली की मी पेटीमागे बसत होतो. पहिल्या पेटीत समुद्र निघाला. दुसरीत कोंबड्यांसकट पळणारे गावकरी, आंब्याच्या चिकाचा एक ओघळ आलेले. मग मासेवाली मावशी, मग डोंगर, मग होडी. प्रत्येक पानाला आबा "हां, हाच तो कागद" असं म्हणून अंगठ्याने जाडी बघत होते. सगळी पानं सापडली. फक्त बागुलबुवाचं तोंड सापडलं नाही.

"आबा, आपल्या एवढ्याच पेट्या?"

आबांनी हातोडा खाली ठेवला. मग हातोड्याकडे बघत म्हणाले, "एक व्याह्यांची. शेजारचे दामूकाका आपल्या गाडीनं कोल्हापुरास जात होते, त्यांच्याकडे दिली. व्याह्यांची पेटी म्हणून वर सगळ्यात चांगला कागद घातला बाबा. रंगीत होता."

व्याही म्हणजे वैशालीचे वडील!

घरी आलो, पानं पुसून कपाटात ठेवली आणि वैशाली आल्यावर तिला सगळं सांगायचं असं ठरवलं. ती आली. मी चहा केला. (मी आपणहून चहा केला की तिला संशय येतो, हे मला त्या क्षणी आठवलं.) तोंड उघडणार इतक्यात तिचा फोन वाजला. कोल्हापूरहून माझ्या सासूबाई. वैशाली पोळपाट पुसत होती, तिने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला.

"अगं, पेटी पोचली बघ," सासूबाई म्हणाल्या. "पण जावईबापू बरे आहेत न्हवं? भांडण-बिंडण काय झालंय का तुमचं?"

वैशालीने का म्हणून विचारलं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकलो. दारात आबा होते. ते माझ्याआधीच मागच्या अंगणाकडे निघाले होते.

"झाकण काढलं तर वर राक्षसाचं तोंड. हे एवढं! एक दात दुसऱ्यासारखा न्हाई. मी तर तिथंच मटकन बसले. ह्यांनी पेटीवरनं मीठमिरच्या उतरवल्या आणि तो कागद नेऊन चुलीत घातला. भपकन पेटला बघ. नक्की काहीतरी करणी असणार कुणाची."

मग त्या म्हणाल्या, "आंबे तेवढे धुऊन घेतलेत. गोड आहेत."

फोन बंद झाला. वैशालीने पोळपाट खाली ठेवला. मी एका दमात सगळं सांगितलं, गठ्ठा, वजन, हातोडा, सगळं. ती ओरडली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, कुत्रा चावला असता तर परवडला असता. मग डोळे पुसून ती एवढंच म्हणाली, "उद्या शाळेत चला. मुलांना तुम्हीच सांगा."

शुक्रवारी सकाळी मी वाडीच्या चढावर आंब्यांची पिशवी घेऊन चाललो होतो. लाच म्हणूनच घेतली होती, खोटं कशाला बोलू. मुलं ओळीत बसली होती. ऑफिसात साहेबांसमोर माझी बोबडी वळते, पण ती निदान वळून काहीतरी बोलते. इथे आवाजच फुटेना. शेवटी सांगितलं की तुमचं बागुलबुवाचं पान माझ्यामुळे हरवलं आणि कोल्हापूरला जळून गेलं. मुलं एकमेकांकडे न बघता सरळ माझ्याकडे बघत होती.

स्वराने विचारलं, "माजा दात पन?"

"हो," मी म्हटलं, आणि मला फार वाईट वाटलं. तिने आपल्या तोंडात बोट घालून किडका दात चाचपून बघितला. तो जागेवर होता. एवढं एक बरं झालं.

मग चौथीतल्या एका मुलाने विचारलं की कोल्हापूरचे लोक खरंच घाबरले का. मी म्हटलं, मटकन खाली बसले, मीठमिरच्या उतरवल्या. हे ऐकल्यावर वर्गात जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. पोरं टाळ्या पिटायला लागली. आपण काढलेल्या चित्राला मोठी माणसं घाबरली, तीही थेट कोल्हापूरची! वैशालीसुद्धा हसली. लगेच सगळ्यांनी ठरवलं की नवीन तोंड काढायचं, याहून भयंकर, आणि आजच.

पण समोर बघून काढायला कोणीतरी हवं, असं एकाने सुचवलं. म्हणून शिक्षा म्हणा, मला टेबलावर उभं केलं. मी डोळे वटारले, दात विचकले, दोन्ही हातांचे पंजे केले आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावून गुरगुरलो. मुलं खडू सरसावून बघत राहिली. कुणी कागदावर रेघ ओढेना. स्वरा उठली, टेबलाजवळ आली, मान वर करून तिने माझं तोंड नीट निरखलं आणि वैशालीकडे वळली.

"बाई, ह्यो नको. ह्यो आधीच घाबारलाय."

बागुलबुवा मग मुलांनी मनानेच काढला, प्रत्येकाचा एकेक दात घालून. शनिवारी पालक आले, पुस्तक वाचलं गेलं, चिकाचे ओघळ म्हणजे बागुलबुवाची लाळ असं मुलांनी सगळ्यांना पटवून दिलं. आबा सगळ्यात पुढे बसले होते. पळणाऱ्या गावकऱ्यांचं पान आलं तेव्हा ते एकदम पुढे वाकले आणि त्यांनी मला कोपराने ढोसलं. गावकऱ्यांत शुक्रवारी एक माणूस नव्याने चिकटवला होता. हातात आंब्यांची पिशवी, केस उभे, तोंड उघडं. खाली नाव लिहिलेलं नव्हतं, पण सगळी वाडी माझ्याकडे बघून हसायला लागली.

शाळेत असताना माझा कधी पहिला नंबर आला नाही. त्या पानावर मात्र मी सगळ्यांच्या पुढे पळतो आहे, कोंबड्यांच्याही.